कठड्यातलं नाक

जयवंतीने आपल्या नवऱ्याचं तोंड पहिल्यांदा पाहिलं ते लाकडात. हसू नका, गोष्ट अशी झाली.

बघायला आले तेव्हा तिने पोह्यांच्या बशीवरून नजर उचलली नाही. मांडवात अंतरपाट खाली गेला तेव्हा तिला दिसले नुसते पाय, आणि उजव्या अंगठ्याला चिकटलेली एक अक्षता. पाय बरे होते, पण पायांवरून माणूस किती ओळखणार? मग वरात निघाली. जयवंतीचं माहेर खाडीपलीकडे, सासर अलीकडे नायगावला. मोटारीने यायचं तर घोडबंदरावरून लांबलचक वळसा, आणि तेव्हा मोटार होती कोणाकडे? नवरी आणायची ती लाँचमधून, आणि लाँच म्हणजे ‘स्टेला’. पोट हिरवं, काठ पांढरा आणि वरचं सगळं सागवान: कठडे, बाकांच्या कडा, केबिनच्या चौकटी, सुकाणूचं चाक. लाँचचा मालक म्हणजे, आज ती ज्याच्याकडे आहे त्या जेम्सचा बाप. त्याने त्या सागवानाला असं व्हार्निश मारलेलं असायचं की माशी बसली तर घसरावी.

नवी नवरी कठड्यालगत मान खाली घालून बसली. लाँच सुटली, बँडवाल्याने पिपाणी काढली, आणि कठड्याच्या गोल माथ्यावर जयवंतीला शेजारचं तोंड दिसलं. फेटा, मुंडावळ्या, आणि मधोमध नाक. नाक म्हणजे काय नाक! कठडा गोल, त्यामुळे ते दोन्ही बाजूंना असं पसरलेलं की जणू वाडीतला कापा फणस मुंडावळ्या बांधून बसलाय. लाँच हलली की फणसही हलायचा.

जयवंतीने ओठ दाबले, पदर तोंडात कोंबला, तरी खांदे गदगदायला लागले. एका आत्तेसासूने प्रेमाने पाठीवरून हात फिरवला. “रडत्ये गं बिचारी. माहेर सुटलं ना.” मग तिने वाकून पाहिलं आणि किंचाळली, “रडत कुठे आहे? हसत्ये!”

झालं. लाँच धक्क्याला लागायच्या आत बातमी धक्क्याला लागली. पुढे किती वर्षं नायगावात तिला ‘हसणारी नवरी’ म्हणत. आणि कोणी विचारलं, बाई, का हसलीस, की जयवंती सांगे, “ह्यांचं नाक!”

तिचा नवरा आत्माराम मात्र आजतागायत कबूल झाला नाही. “लाकडात कधी तोंड दिसतं होय?” हे त्याचं एकच उत्तर. “आरसा काय तो? ही हसली ती हिच्या स्वभावाने, आणि खापर फोडलं माझ्या नाकावर.”

लाँचकडे येऊच, पण त्याआधी हंड्याची गोष्ट ऐकायला हवी. नाहीतर जयवंती काय चीज आहे ते कळणार नाही. ही बाई मुळात चकाकीची वेडी. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने न्हाणीजवळचा पितळी हंडा चिंच आणि राखेने असा घासला की सकाळी एक कावळा त्यातल्या कावळ्याशी भांडायला आला. दुसऱ्या दिवशी परत आला. तिसऱ्या दिवशी सोबत चार भाऊबंद घेऊन आला. शेवटी सासूबाईंनी हंड्याला गोणपाट नेसवलं. मग हिने मोर्चा वळवला आत्मारामच्या सायकलीकडे. तो वसईच्या बँकेत कारकून, रोज सायकलने जायचा. हिने ती जुनी सायकल अशी उजळवली की चोराला ती नवी वाटली आणि त्याने नेली. दोन दिवसांनी त्यानेच परत आणून कुंपणाला टेकवून ठेवली, कारण चेन जुनीच होती, दर वळणावर पडायची. सायकलीच्या सीटवर एक दगड ठेवलेला होता. रागाने ठेवला असेल.

तर अशी ही जयवंती. आता सत्तरीला टेकली, गुडघे कुरकुरतात, वाडीतली केळी आणि सोनचाफा गडी बघतो, पण हिच्या घरातलं कुलूपसुद्धा चमकतं.

तिची नात ज्ञानदा, खाडीपासून जवळच नव्या टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर राहते. तिचं लग्न ठरलं, आणि ठरलं कोणाशी? खाडीपलीकडच्या उमंगशी! म्हणजे आजीच्या माहेरगावात नातीचं सासर. पोरगी एका रविवारी उड्या मारतच वाडीत आली.

“आजी, तू ज्या लाँचमधून आलीस ना, माझी वरात तिच्यातूनच जाणार. कसलं व्हिंटेज वाटेल!”

“व्हिंटेज म्हणजे काय गं?” आत्मारामने विचारलं.

“जुनं, पण भारी.”

“म्हणजे मी.”

“तुम्ही नुसते जुने,” जयवंती म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

तिघं खाडीवर गेली. जेम्सच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली स्टेला बसलेली. घरोघर गाड्या झाल्या, वऱ्हाडं हायवेने वळसा घालून जाऊ लागली, तशी हिची लग्नं संपली. बापाची आठवण म्हणून जेम्सने इंजिन जपलं होतं, पोटाचं लाकूडही दरवर्षी बघायचा. वरच्या सागवानाला मात्र कोणी विचारलं नव्हतं. जेम्सने ताडपत्री ओढली. कठडा काळाठिक्कर. जुनं व्हार्निश माशाच्या खवल्यांसारखं सुटलेलं. तोंड दिसायचं सोडाच, हात फिरवला तर तळव्यात कुसळ शिरलं.

जेम्स आपला खुशीत. “त्याला काय, वहिनी! चॉकलेटी ऑइलपेंट. दोन डबे आनायचे नि फासायचे. पोरीची लाँच तयार!”

जयवंती दोन्ही हात पसरून लाँचसमोर आडवी उभी राहिली, जणू पोलीस घर पाडायला आलेत. “ऑइलपेंट? या कठड्याला? जेम्स, तुझा बाप वरून बघतोय!”

“बाप बघतोय तर त्यालाच बोलवा ना पॉलिश करायला.”

“मी करीन.”

“तुमी?”

“मी. पहिल्यासारखं करून दाखवते. तोंड दिसेल त्यात, तोंड!”

जेम्स डोकं खाजवत म्हणाला, “बरं, करा. पन आयका. तीन आठवड्यांनी रविवारी लगीन, म्हंजे आदल्या शनवारी लाँच पान्यात गेलीच पायजे. शनवारी सकाळी मी ब्रश नि डबा घेऊन येनार. कठड्यात तोंड दिसलं तर मी गप घरी जाईन. नाय दिसलं तर चॉकलेटी. मग रडायचं नाय.”

“लाकडात तोंड!” आत्माराम खो खो हसला. “जेम्स, तू डबा आत्ताच घेऊन ठेव.”

“आणि दिसलं तर?” जयवंतीने कमरेवर हात ठेवले.

“दिसलं तर भर वरातीत माईकवर सांगीन, माझं नाक फणसाएवढं आहे.”

“ज्ञानदा, ऐकलंस?”

“रेकॉर्ड केलं, आजी,” पोरगी म्हणाली. मोबाइल वर धरलेलाच होता तिने.

दुसऱ्या दिवसापासून जयवंतीचा मुक्काम शेडमध्ये. सोबतीला जेम्सची आई, सालोमी. ही नव्वदीच्या घरातली म्हातारी, काठीएवढी बारीक, पण आवाज भोंग्याएवढा. व्हार्निशातलं तिला काही कळत नव्हतं. नवरा काम करताना कोणत्या शिव्या द्यायचा तेवढं तिला पाठ होतं, आणि ते ज्ञान ती सढळ हाताने वाटायची.

आधी जुना थर काढायचा. सुतार काढतात तसा फुटक्या काचेच्या धारेने खरवडून. जयवंतीने हाताला फडकं गुंडाळलं आणि लागली खरवडायला. मग पॉलिश पेपर घेऊन घासणं. खर्र खर्र, खर्र खर्र. केसात भुसा, भुवयांवर भुसा, चहात भुसा. पण काळ्याखालून जेव्हा सागवान वर आलं, ताज्या गुळाच्या रंगाचं, तेव्हा तिने एवढ्या जोरात “मावशी!” अशी हाक मारली की म्हातारी काठीसकट दचकली.

“काय गो? काय चावला?”

“सोनं निघालं, सोनं!”

आणि इथे जयवंतीच्या हातून ती चूक झाली. वाडीतल्या बाईकडूनच व्हावी अशी. वाडीतल्या घरात लाकूड उघडं दिसलं की त्याला तेल लावायचं, हे बाळपणापासून हाताला शिकवलेलं असतं. पोळपाटाला तेल, मुसळाला तेल, पाटाला तेल, दाराच्या उंबऱ्याला तेल. पोर जन्माला आलं तर त्याला तेल, आणि म्हातारं चिडलं तर त्याच्याही डोक्यावर तेल. मग एवढं तहानलेलं सागवान समोर असताना हात गप्प बसेल? तिने घरच्या खोबऱ्याचं, घाण्यावरून काढून आणलेलं तेल वाटी वाटी ओतून कठड्याला चोळलं. सागवान प्यायलं. अजून मागायला लागलं. हिने अजून पाजलं. सगळी शेड नारळीपौर्णिमेसारखी घमघमली. वर तिने हार्डवेअरवाल्या विघ्नेशकडून आणलेलं लाँचचं व्हार्निश फासलं, आणि लांब उभी राहून म्हणाली, “बघा मावशी, काय लखलखतंय!”

लखलखत होतं खरं. पण दुसऱ्या दिवशीही लखलखत होतं, आणि ओलं होतं. तिसऱ्या दिवशी ओलं नव्हतं, चिकट होतं. चौथ्या दिवशी कठड्यावर डास होते, केळीच्या वाळक्या सोपटांचे धागे होते, सुकत घातलेल्या मासळीचा एक खवला होता आणि कुठल्या तरी वाढदिवसाच्या फुग्याचा तुकडा होता. टॉवरच्या कामावरचे डंपर रस्त्याने जायचे, त्यांची लाल धूळ कठड्यावर येऊन कायमची राहायला लागली.

“वाळेल,” जयवंती म्हणाली. “मावशी, तुम्ही बसा निवांत.”

सालोमी बसली. बसली ती नेमकी लाँचच्या बाकाच्या कडेला, आणि त्या कडेलाही तेल पाजलेलं. तिने नवऱ्याची एक लांबलचक गोष्ट सांगितली, शेवटी दोन शिव्या दिल्या, आणि उठायला गेली. म्हातारी उठली, लुगडं उठलं नाही.

“जयवंती गो!”

“काय झालं?”

“माझा लुगडा धरला कोनी तरी मागून!”

जयवंती धावली. एका हाताने लुगडं ओढते, दुसऱ्या हाताने म्हातारीला धरते. तेवढ्यात जेम्स आला. आई बाकावर, जयवंती आईवर, दोघी हसून हसून लालबुंद, आणि लुगड्याचा काठ व्हार्निशात रुतलेला.

“आय, काय चाल्लंय?”

“मी लाँचशी लगीन लावलंय, बाबा! आता माझी सुटका नाय!”

शेवटी टर्पेंटाइनच्या चिंधीने म्हातारी सुटली. लुगड्याचा काठ मात्र स्टेलाने ठेवून घेतला. जेम्सने खिशातून मोबाइल काढून विघ्नेशला लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून एवढं हसू आलं की मोबाइल कानापासून लांब धरावा लागला.

“खोबरेल? खाली खोबरेल लावलं? काकी, ते पुढच्या दिवाळीला पण वाळणार नाय! सगळं पुसून काढा. टर्पेंटाइन मारा, परत घासा, मगच व्हार्निश.”

हसू ओसरलं तशी जयवंती लाँचच्या शिडीवर बसली. किती दिवस फुकट गेले होते ते तिला कोणी मोजून सांगायची गरज नव्हती. दारात शनिवार उभा होता. जेम्सने शेडच्या कोपऱ्यात डबा आणून ठेवलेलाही होता, झाकणावर चॉकलेटी टिपका. तिने त्या डब्याकडे असं पाहिलं जसं बायको पहिल्यांदा सवतीकडे पाहते.

“वहिनी,” जेम्स हळूच म्हणाला, “पेंट पन वाईट नाय दिसत.”

जयवंतीने पदर खोचला. “चिंध्या आण.”

मग सुरू झाली दुसरी फेरी. पुसणं, घासणं, परत पुसणं, उन्हात वाळवणं. माघाची थंडी, खाडीवर पहाटे दंव पडायचं, म्हणून उन्हं चांगली वर आल्यावर ब्रश धरायचा आणि दुपार कलायच्या आत थांबायचं. पहिला हात पातळ, घावनाच्या पिठासारखा. तो वाळला की वरून हलका पॉलिश पेपर, मग पुढचा हात. जमीन सारवताना जसा हात एकाच दिशेने जातो, मागे येत नाही, तसा ब्रश चालवायचा. हे तिला जमलं. जमलं नाही ते एकच.

झालं असं की सालोमीला नवऱ्याची एक गोष्ट अचानक आठवली. “तो गो, व्हार्निश मारताना कोनाशी बोलायचा नाय. बोललं की थुंकी उडते, नि थुंकीचे ठिपके राहतात. मारून झाल्यावर मग सगल्या शिव्या एकदम द्यायचा.”

न बोलायचं! जयवंतीने! या बाईने डोळ्यांचं ऑपरेशन चालू असताना डॉक्टरांना अळूच्या फदफद्याची कृती सांगितली होती. तिने विचार केला आणि तोंडात एक अख्खी सुपारी धरली. सुपारी तोंडात असेपर्यंत बोलायचं नाही.

ही बातमी आत्मारामच्या कानावर गेली. इतके दिवस तो शेडकडे फिरकला नव्हता. लग्नाआधीच्या गुरुवारी मात्र तो घरातून खुर्ची घेऊन आला. खुर्ची, पाण्याची बाटली आणि खारे शेंगदाणे. लाँचसमोर खुर्ची मांडली, पायावर पाय टाकला आणि बायकोकडे बघत राहिला. बायको कठड्यावर वाकलेली, ब्रश चालू, तोंड बंद. असं दृश्य त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

“जयवंती,” तो म्हणाला, “मला तुझी कारल्याची भाजी आवडत नाही.”

जयवंतीची मान गर्रकन वळली. ब्रश कठड्यावरच होता, थांबवता येत नव्हता, थांबला तर डाग पडणार. ती पुढे सरकली.

“पहिल्यापासून आवडत नाही. मी ती पानाखाली सरकवून मांजराला द्यायचो. मांजरालाही आवडत नव्हती.”

“हं!” जयवंतीच्या नाकातून आवाज आला.

“आणि तुझ्या भावाने दिलेली ती छत्री हरवली नव्हती. मी ती बँकेतल्या शिपायाला दिली. जांभळी छत्री घेऊन पुरुषाने फिरायचं?”

आत्मारामला चढली होती. शेंगदाणे तोंडात टाकत तो एकेक काढत गेला. इतक्या वर्षांचं साठलेलं, आणि समोर ऐकणारी, उत्तर न देणारी बायको. देवाने दिलेली दुपार! जेम्स केबिनमागे पोट धरून बसलेला. सालोमी म्हणाली, “बोल बाबा बोल, असा दिवस परत नाय येनार.”

तेवढ्यात जयवंतीने समोर पाहिलं आणि तिचे डोळे विस्फारले. कठड्याच्या पलीकडच्या टोकावर, जिथे आत्ताच हात मारून झाला होता तिथे, सालोमीचा कोंबडा चढला होता. लाल तुरा, टवटवीत. ओल्या व्हार्निशवर त्याने एक पाय ठेवला, उचलला, त्याच्याकडे पाहिलं, आणि दुसरा ठेवला.

“ऊंऽऽ! ऊंऽऽ!” जयवंतीने डावा हात हवेत फेकला.

“चिडू नकोस,” आत्माराम म्हणाला. “आता तुझ्या आईच्या लोणच्याबद्दलही सांगून टाकतो.”

“ऊंऊंऊं!” जयवंतीने कोंबड्याकडे बोट केलं, मग दोन्ही कोपरांनी पंख फडफडवून दाखवले.

“नक्कल करू नकोस माझी. लोणचं खारट होतं ते होतं.”

कोंबडा कठड्यावरून चालत आला. नवरदेवासारखा, एकेक पाय तोलून. मधोमध थांबला, पंख झाडले, बांग दिली, आणि मग कुठे आत्मारामने मान वळवून पाहिलं.

सुपारी बंदुकीच्या गोळीसारखी उडाली. “अहो, कोंबडाऽऽ!”

आणि मग जे धरण फुटलं! कोंबडा शेडबाहेर, आत्माराम खुर्चीसकट शेडबाहेर, आणि जयवंती ब्रश हातात घेऊन दोघांच्या मागे. तिने एकही मुद्दा सोडला नाही, क्रमही चुकवला नाही: आधी कारलं, मग मांजर, मग छत्री, मग लोणचं. खाडीपलीकडे माहेरी ऐकू गेलं असेल.

परत आली तेव्हा कठड्याच्या टोकापासून मध्यापर्यंत पावलंच पावलं. तीन बोटांची, ठसठशीत. सालोमीने हात जोडले. “त्याला लग्नातच खाऊया गो.”

“कोंबडा नका खाऊ,” जयवंती दमून म्हणाली. “त्याला काय कळतं? ज्याला कळतं तो खुर्ची घेऊन आला होता.”

पण त्या गुरुवारी संध्याकाळी आत्माराम घरी येऊन पानावर बसला. जेवताना म्हणाला, “मच्छरदाण्या लावल्या तर?”

“कुठे?”

“लाँचला. धूळ नाही, डास नाही, कोंबडा नाही.”

जयवंतीने त्याच्याकडे बघितलं. पानात कारल्याची भाजी होती. मुद्दाम केलेली. आत्माराम निमूट खात होता, तळ दिसेपर्यंत.

शुक्रवारी सकाळी तो स्वतः दारोदार फिरला. वाडीतल्या, आळीतल्या, टॉवरमधल्या ज्ञानदाच्या शेजाऱ्यांच्या मच्छरदाण्या गोळा केल्या: निळ्या, गुलाबी, एक फुलाफुलांची. जेम्सने त्या शेडच्या वाशांना बांधल्या. जयवंतीने कोंबड्याची पावलं घासून काढली, सुपारी तोंडात ठेवली आणि जाळीच्या आत शिरून शेवटचा हात दिला. बाहेर आत्माराम काठी घेऊन पहाऱ्याला. तो एक अक्षर बोलला नाही. सुपारी त्याच्याही तोंडात होती.

शनिवारी उन्हं वर आली तेव्हा शेडपुढे सगळे जमले. जाळीआडून स्टेला अशी दिसत होती की सालोमी म्हणाली, “आमच्या चर्चात नवरी येते ना तोंडावर जाळीचा वेल घेऊन, तशी हाय बघ.” जेम्स आला होता. एका हातात ब्रश, एका हातात डबा. शब्द म्हणजे शब्द.

जाळ्या निघाल्या. कठडा उन्हात काकवीसारखा झळकला. जेम्सने वाकून पाहिलं.

“काय दिसतं?” ज्ञानदाने विचारलं.

“आभाळ दिसतंय.” जेम्सने मान वाकडी केली. “शेडचे पत्रे दिसतायत. तोंड... थांबा, कायतरी काळं दिसतंय.”

“ते तोंडच आहे तुझं!” सालोमी म्हणाली.

पण जयवंती पुढे होईना. हात पदरात गुंडाळून उभी. एवढे दिवस खरवडलं, आणि आता बघायची छाती होईना. “ते कुठेत?”

आत्माराम नव्हता. घरी दाढी करतोय असा निरोप आला. ज्ञानदा धावत गेली आणि त्याला दंडाला धरून घेऊन आली, अर्ध्या गालाला साबण तसाच.

“बसा,” जयवंती म्हणाली. “तिथेच. तेव्हा बसला होतात तिथे.”

तो बसला. ती शेजारी बसली, पदर डोक्यावरून घेतला आणि मान खाली घातली. सगळ्यांनी माना पुढे केल्या. कोंबड्यानेसुद्धा टोपलीच्या फटीतून चोच बाहेर काढली. जयवंती बघत राहिली. बघत राहिली. मग तिचे खांदे गदगदायला लागले.

“रडत्ये गो बिचारी,” सालोमी हळहळली. “नाय दिसला तोंड.”

जेम्सने डब्याच्या झाकणाला अंगठा लावला. ज्ञानदाने वाकून आजीच्या पदराखाली डोकावलं आणि किंचाळली, “रडत कुठे आहे? हसत्ये!”

“फणस!” जयवंतीला शब्द फुटेना. “तोच... अगं, तोच फणस! आता वर साबणही लावलाय त्याला!”

आत्मारामने खाली वाकून पाहिलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. नाक बोटाने दाबून पाहिलं. कठड्यातल्या फणसानेही बोट दाबलं.

“हा साबण फुगलाय,” तो म्हणाला.

जेम्सने डबा उचलला आणि सरळ घरी गेला. पुढे त्या ऑइलपेंटने त्याने संडासाचं दार रंगवलं. छान दिसतं.

रविवारी लग्न लागलं, आणि संध्याकाळी भरतीला वरात स्टेलात चढली. ज्ञानदा आणि उमंग कठड्यालगत, त्यांच्यामागे वऱ्हाड, पुढे बँड, आणि सुकाणूच्या चाकावर नव्या शर्टातला जेम्स. सालोमीने आपलं नवं लुगडं दोन्ही हातांनी वर धरलेलं. वाळलंय म्हणून शंभर वेळा सांगितलं तरी बाकावर टेकेना. फोटोग्राफर ओरडत होता, “मॅडम, इकडे बघा! चेहरा वर!” आजीने नातीला कोपर मारलं. “खाली बघ गं. कठड्यात बघ.”

ज्ञानदाने पाहिलं. मग उमंगकडे पाहिलं. मग परत कठड्यात, आणि फिस्सकन हसली. “आजी! केळफूल!”

“आता माईक,” जयवंती म्हणाली.

आत्मारामने बँडवाल्याकडून माईक घेतला. घसा साफ केला. इंजिनाची धडधड, खाडीवर तांबूस ऊन. “मंडळी,” तो म्हणाला, “माझी बायको आमच्या लग्नात हसली, हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. ती खरं बोलत होती. माझं नाक फणसाएवढं आहे. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी डावीकडच्या कठड्यात येऊन बघावं.”

एवढंच बोलायला नको होतं. अख्खं वऱ्हाड उठलं. मामा उठले, मावश्या उठल्या, बँडवाले पिपाण्यांसकट उठले. प्रत्येकाला आधी आत्मारामचं नाक बघायचं होतं आणि मग स्वतःचं. “अगं, माझं तर वांगं!” “तुझं वांगं, माझं बघ, बोंबील!” “सर ना जरा, मला बघू दे!” टोकाला एका पोराला व्हार्निशखाली तीन बोटांचं एक पुसट पाऊल सापडलं, त्यावरून वेगळीच आरडाओरड. जयवंती मधोमध, हसून हसून डोळ्यांतून पाणी, एका हाताने कठडा धरलेला आणि दुसऱ्या हाताने पदराच्या टोकाने लोकांच्या बोटांचे ठसे पुसते आहे. “हात नका लावू! नुसतं बघा! अहो, हात नका लावू!”

आणि स्टेला हळूहळू डावीकडे कलायला लागली.

“ओ मंडली!” जेम्स चाकावरून बोंबलला. “उजवीकडे या! अर्धे उजवीकडे! वहिनी, सांगा त्यान्ला!”

कोण ऐकतंय! उजव्या कठड्यावर उरली होती एकटी सालोमी, लुगडं वर धरून. डावा कठडा पाण्याला टेकायला आला, पाण्यात आभाळ, कठड्यात आभाळ, आणि मध्ये सगळी नाकं.

“आरे, सरका रे!” जेम्सने चाक सोडून कपाळावर हात मारला. “ऑइलपेंट मारला असता तर ही पाली नसती आली!”